गंगव्वाला भुईवर घ्यायचं होतं

पार्वतीअक्का वृद्धाश्रमात अक्काताई हुंदरेला सगळे घाबरतात आणि तिच्यावाचून कुणाचं पानही हलत नाही. पगाराच्या कागदावर ती नुसती 'मदतनीस'. पण कुणाची कवळी कुठल्या डब्यात आहे, कुणाला ताक बाधतं, झोपेत कोण लेकीच्या नावानं हाका मारतं, हे सगळं तिलाच विचारायचं. तोंड मात्र फटकळ. "जेव की रं बाबा, का तुझ्या बायकोला वरनं बोलवून आणू भरवायला?" असं ती ऐंशीच्या घरातल्या माणसाला म्हणते, आणि तो मुकाट्यानं घास तोंडात घालतो.

निपाणीहून बोरगावकडं जाताना तंबाखूची एक जुनी वखार लागते, तिलाच रंग देऊन, मधे भिंती घालून हा वृद्धाश्रम केलेला आहे. भिंती हातभर जाड, खिडक्या उंच. हवा दमट झाली की अजूनही आतली माणसं शिंकायला लागतात, कारण तंबाखू गेली तरी तिचा वास काही जागा सोडायला तयार नाही. अक्काताई तरुणपणी याच वखारीत तंबाखू निवडायला यायची. पुढं वखार बंद पडली, तिनं घरी बसून विड्या वळल्या, आणि आताचा मालक नागेंद्र, त्याच्या वडिलांनी आपल्या आईच्या नावानं इथं वृद्धाश्रम काढला तेव्हा स्वयंपाकाला म्हणून आली ती इथलीच झाली. वडील गेले, आता सगळा कारभार नागेंद्रच बघतो. माणूस वाईट नाही. पण सरकारी जीपला तो फार भितो.

तर गोष्ट अशी, की आमच्याकडं मरणारं माणूस खाटेवर ठेवत नाहीत. शेवटची घटका आली असं दिसलं की त्याला उचलून भुईवर घेतात. अंगाखाली घोंगडं, उशाला दिवा, तोंडात पाण्याचा थेंब आणि तुळशीचं पान. खाटेवर गेलेल्याचा जीव अधांतरी राहतो, अशी समजूत. आता निम्मं जग दवाखान्याच्या खाटेवरच मरतं, त्या सगळ्यांचं काय होतं, असं शहाणी माणसं विचारतात. विचारू देत. ज्यांची माणसं तशी गेली, त्यांना विचारून बघा. अक्काताईचा नवरा भरमा बेळगावच्या एका दवाखान्यात नळ्या लावलेल्या अवस्थेत गेला. खाली घेऊ का, असं तिनं नर्सला विचारलं तर तिलाच खोलीबाहेर काढलं होतं. ते तिला कायम सलत राहिलं. वृद्धाश्रमात आल्यावर तिनं मनाशी ठरवून टाकलं, की आपल्या हाताखालचं माणूस खाटेवर जाऊ द्यायचं नाही. म्हाताऱ्यांनाही ते ठाऊक होतं. पोटची पोरं वेळेवर आली नाहीत तरी अक्काताई भुईवर घेईल, ही त्यांची मोठी खात्री होती, आणि त्या वयाला दुसरी कसली खात्री उरते?

या खात्रीला तडा गेला तो गुंडूमामामुळं.

गुंडूमामा म्हणजे विडीच्या कारखान्यातला जुना मुकादम. साखरेचा आजार, आणि त्यावर देवभोळा. मागच्या दिवाळीनंतरच्या एकादशीला या गृहस्थानं साखर उतरायची गोळी घेतली आणि उपास धरला. फराळसुद्धा केला नाही. सकाळचं ऊन तापलं तसा तो घामानं निथळला, डोळे फिरले, जीभ जड झाली. अक्काताईनं बघितलं आणि तिला वाटलं, संपलं. तिनं त्याला भुईवर घेतलं, दिवा लावला, तोंडात तुळशीचं पान घातलं. मालुबाईनं गळा काढला. आणि नेमक्या त्याच वेळी बेळगावच्या सरकारी ऑफिसची जीप फाटकातून आत आली.

तपासणीला आलेल्या अधिकारी म्हणजे पारमिता शिंगे. मूळच्या निपाणीच्याच, कर्नाटक सरकारची परीक्षा देऊन वर गेलेल्या. त्यांनी गुंडूमामाच्या कपाळाला हात लावला, गोळ्यांचं पाकीट बघितलं आणि पहिलं काम काय केलं, तर स्वयंपाकघरातून साखर आणवून त्याच्या गालात धरली. मग ॲम्ब्युलन्स. दुपारी निपाणीच्या दवाखान्यात गुंडूमामा उठून बसला आणि चहा मागू लागला.

"माणसाला साखर द्यायची सोडून तुम्ही दिवा लावलात?" मॅडम अक्काताईला म्हणाल्या. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं.

गुंडूमामाला मात्र या सगळ्याची मोठी गंमत वाटली. "मी जाऊन परत आलोय," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. अक्काताई दोन दिवस जेवली नाही. आपण जिवंत माणसाला मारायला निघालो होतो, हे तिच्या डोक्यातून जाईना. इतकी मरणं बघितली, मरण आपल्याला लांबून ओळखू येतं, असं ती समजत होती. त्या दिवसापासून तिचा स्वतःवरचा विश्वास उडाला.

ऑफिसकडून नोटीस आली. आजारी रहिवाशाला जमिनीवर ठेवलं, उपचाराला उशीर केला. परवान्याचं नूतनीकरण थांबवलं आहे, पुन्हा तपासणी होईल, तीच चूक पुन्हा आढळली तर परवाना रद्द आणि रहिवाशांची दुसरीकडं सोय. नागेंद्रनं ती नोटीस इतक्या वेळा वाचली की त्याला त्यात एकच शब्द दिसायला लागला: जमीन. त्यानं कठड्याच्या नव्या लोखंडी खाटा आणल्या आणि चटया, घोंगडी सगळी माळ्यावर टाकली.

"आक्का, हितनं पुढं कुणाला भुईवर न्हाय," तो म्हणाला. "आजारी असूदे, धडधाकट असूदे. खाटंवर."

"आणि शेवटच्या टायमाला?"

"तवाबी. शेवट हाय का न्हाय, कोण सांगणार? तू?"

अक्काताईनं माळ्याकडं एकदा बघितलं आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली.

परवाना जाणं म्हणजे काय, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. सगळ्यात जास्त धसका ज्योतिबा आणि मालुबाई या नवराबायकोनं घेतला होता. आसपासच्या दुसऱ्या आश्रमांत बायका वेगळ्या, पुरुष वेगळे. कुठं कुठं तर गावंच वेगळी. ज्योतिबाला दिसत नाही. मालुबाई त्याच्या ताटातली भाकरी कुस्करून देते, भात कुठल्या बाजूला आहे ते सांगते. "मला न्हेलं तर ह्यास्नी भात कुठं हाय ते कोण सांगंल?" एवढंच ती पुन्हा पुन्हा विचारायची.

दुसरी तपासणी माघात होणार असं कळलं होतं. नेमका दिवस कुणी सांगत नाही. आणि माघ लागला त्याच आठवड्यात गंगव्वानं अन्न सोडलं.

गंगव्वा धनगराची. आयुष्य मेंढरांमागं गेलेलं, सगळा जन्म भुईवर झोपलेली. बोलायची मराठीच, पण रागावली की कन्नडमध्ये. नवी खाट आली तेव्हा ती रागावली ती कायमचीच. खाटेवर झोप लागत नाही, खाली कुणीतरी आहे असं वाटतं, म्हणायची. तिची लेक लगमव्वा सदलग्याला दिलेली. जावई अंथरुणाला खिळलेला, घर दीड खोलीचं, म्हणून आईला इथं ठेवलेलं. पण दर अमावस्येला डबा घेऊन यायची आणि आईचं डोकं विंचरून जायची. निपाणीचे डॉक्टर येऊन तिला बघून गेले. त्यांनी स्पष्ट सांगितलं, आता हलवू नका, सुया टोचू नका, लेकीला बोलवा. त्या संध्याकाळी लगमव्वानंही फोनवर तेच सांगितलं. "आक्का, मी सकाळच्या पैल्या गाडीनं निघते. पर माझी वाट बघत बसू नको. आई जायला लागली की भुईवर घे. खाटंवर घालवू नको तिला. तुला आण हाय."

"घेते," अक्काताई म्हणाली. या वेळी गुंडूमामासारखं नव्हतं. डॉक्टरनं सांगितलेलं होतं, लेकीनं सांगितलेलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खुद्द गंगव्वानंच सांगितलं. दोन दिवस तिच्या तोंडातून शब्द नव्हता. अक्काताई ओल्या फडक्यानं तिचे ओठ पुसत होती, तेव्हा तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "केळगं." खाली. मग पुन्हा, "केळगं, तंगी." मोठ्या बहिणीनं धाकटीला म्हणावं तसं.

"व्हय गं, घेते. घोंगडं आणते," असं म्हणून अक्काताई माळ्याकडं निघाली. शिडीच्या दुसऱ्या पायरीवर पाय होता, आणि फाटकाबाहेर जीपचा हॉर्न वाजला.

नागेंद्र ओसरीतून धावत आला.

"कुठं निघालीस?"

"गंगव्वाची घटका आलीय, आण्णा. खाली घ्यायची हाय."

"आता?" त्यानं शिडीच धरली. "आक्का, तुझं डोकं ठिकाणावर हाय का? त्याच बाई आल्यात. मागच्या टायमाला जे बघितलं तेच परत बघू देत त्यास्नी? मालुबाईला काय सांगणार हाईस तू?"

"म्याडमना सांगून टाकूया. डाक्टरनं सांगितलंय म्हणावं."

"मागं तूच म्हणालीस ना, गुंडूमामा चालला म्हणून? कोण इश्वास ठेवणार तुझ्यावर?" मग त्याचा आवाज एकदम खाली आला. तो जवळजवळ रडकुंडीला आला होता. "थोडा दम धर गं. त्यांची पाठ फिरली की तू आणि मी मिळून घेऊ. मी स्वतः उचलतो. तेवढं कर."

अक्काताई शिडीवरून उतरली. हे तिचं उतरणं पुढं तिला जन्मभर आठवायचं होतं, पण त्या वेळी तिला एवढंच वाटलं, की थोडा वेळ तर थांबायचं आहे. गंगव्वा चिवट आहे. थांबेल.

पारमिता मॅडम आत आल्या, गळ्यात ओळखपत्र, हातात तपासणीचा कागद. घाई अजिबात नाही. त्यांनी पाण्याच्या टाकीचं झाकण उघडून बघितलं. डाळीचे डबे बघितले. न्हाणीघरात जाऊन धरायचे दांडे स्वतः हिसका देऊन बघितले. औषधांच्या पाकिटांवरच्या तारखा वाचल्या, गुंडूमामाच्या गोळ्या जेवणाबरोबर देता की नाही ते खोदून खोदून विचारलं. बघतील तेवढं सगळं नीट होतं, हे सांगायला हवं. गेल्या खेपेपासून नागेंद्रनं कुठं कसर ठेवली नव्हती. पण अक्काताईचं लक्ष शेवटच्या खोलीकडं. मॅडम डब्याचं झाकण उघडत होत्या आणि अक्काताई कान देऊन ऐकत होती, की श्वासाची घरघर इथवर येते का. दोनदा ती तिकडं निघाली आणि दोनदा नागेंद्रनं तिला नजरेनं थांबवलं.

मॅडमनी रहिवाशांशी बोलायला सुरुवात केली. मालुबाईजवळ बसून जेवणाचं विचारलं, तर ती म्हणाली, "आम्ही सगळी खाटंवरच झोपतो."

"झोपण्याचं नाही विचारलं, आजी. जेवण कसं असतं?"

"चांगलं असतंय. भुईवर कुणीच न्हाय."

मॅडम तिच्याकडं बघत राहिल्या. पलीकडून गुंडूमामानं आपलं घोडं पुढं दामटलं. "मी तर खाटंवरनं उतरतच न्हाय, म्याडम. चहाबी हितंच." एरवी अक्काताई हसली असती. आज तिला त्या दोघांची तोंडं दाबून धरावीशी वाटली, कारण मॅडम आता प्रत्येकापाशी जास्तच वेळ थांबायला लागल्या होत्या.

शेवटी त्या शेवटच्या खोलीत आल्या. दोन खाटा, एक रिकामी, एकीवर गंगव्वा. पांढरी चादर, कठडा वर केलेला, सगळं नियमाप्रमाणे. फक्त श्वास दम खात खात चाललेला, मधेच थांबून पुन्हा सुरू होणारा.

"बऱ्याच आजारी आहेत?"

"वय झालंय, मॅडम," नागेंद्र पुढं झाला. "डॉक्टर काल येऊन गेलेत. लेक वाटेत आहे."

मॅडमनी गंगव्वाला हळूच कुशीवर करून पाठ बघितली. पाठीला जखम नव्हती. त्यांनी चादर नीट केली. आणि तेवढ्यात गंगव्वाचा हात उचलला गेला. कठड्याच्या गजांमधून तो बाहेर आला आणि खाली लोंबला. बोटं भुईच्या दिशेनं हलत होती.

"काय हवंय त्यांना?" मॅडमनी विचारलं.

प्रश्न अक्काताईला होता. मॅडम तिच्याकडंच बघत होत्या. सांगायला एक शब्द पुरला असता, आणि तो तिच्या ओठांवर आलेलाही होता. पण त्याच क्षणी तिला गुंडूमामाच्या गालात साखर धरणारे ते हात दिसले, 'दिवा लावलात?' असं विचारणारा तो शांत आवाज ऐकू आला, मालुबाईचा भात आठवला. आणि तिनं तो शब्द गिळला.

"पाणी मागत असतील," नागेंद्र म्हणाला.

आणि अक्काताईनं पाणी दिलं. भुई मागणाऱ्या बाईला तिनं चमच्यानं पाणी पाजलं. ते आत गेलंच नाही, ओठांच्या कडेनं उशीवर ओघळलं.

मॅडम दाराशी जाऊन उभ्या राहिल्या आणि कागदावर टिपून घेऊ लागल्या. त्यांची पाठ खोलीकडं होती. अक्काताईनं कठडा खाली केला. एक हात गंगव्वाच्या मानेखाली घातला, एक गुडघ्यांखाली. वजन ते किती! एकटीनं सहज उचललं असतं. ती तशीच वाकून राहिली, हात घालून, नजर मॅडमच्या पाठीवर. ही पाठ हलू दे. चार पावलं पुढं जाऊ दे. देवा, हिला जरा जाऊ दे. मॅडम लिहीत होत्या, मधेच थांबून नागेंद्रला काहीतरी विचारत होत्या, पुन्हा लिहीत होत्या. गंगव्वाचा श्वास थांबला. मग एक आला, खोलवर. अक्काताईनं पुढच्याची वाट बघितली.

तो आला नाही.

हाताखालचं अंग अजून ऊन होतं, तसंच होतं, फक्त आत कुणी नव्हतं. अक्काताईला या वेळी ओळखायला चूक झाली नाही.

"गेली," ती म्हणाली.

मॅडम झटकन वळल्या. त्यांनी नाडी बघितली, डोळे बघितले, मनगटावर बोटं ठेवून बराच वेळ उभ्या राहिल्या. मग त्यांची नजर गंगव्वाच्या त्या लोंबणाऱ्या हाताकडं गेली, आणि तिथून अक्काताईच्या हातांकडं, जे अजून गंगव्वाच्या अंगाखालीच होते.

"त्या पाणी मागत नव्हत्या," मॅडम म्हणाल्या. "खाली घ्या म्हणत होत्या."

नागेंद्र दोन पावलं भिंतीकडं सरकला.

"मग घेतलं का नाही?"

अक्काताईनं मान वर केली. इतक्या वेळचा दाबून ठेवलेला संताप तिच्या डोळ्यांत उतरला. "तुमीच लिवलासा की, म्याडम. भुईवर माणूस दिसला तर दार बंद करणार म्हणून. आता का इचारतासा?"

"मी गुंडूमामांचं लिहिलं," मॅडम म्हणाल्या. "ते मरत नव्हते, त्यांना औषध हवं होतं. ज्यांचं डॉक्टरांनी सांगून झालंय, ज्या स्वतः खाली मागतायत, त्यांना अडवा असं मी कुठं लिहिलं? नियमात त्यांच्या इच्छेप्रमाणे करा असंच आहे." आणि मग ऑफिसातली भाषा त्यांच्या तोंडून गळून पडली. "माझी आज्जी हितंच निपाणीत गेली. आमच्यात हे मानत न्हाईत, बुद्धवंदना म्हणतात. तरी तिनं भुई मागितली तवा माझ्या बापानं उचलून खाली घेतलं तिला. मला एकदा विचारायचं तरी होतं, बाई. मी हितं दारातच उभी होते."

अक्काताईला वाटलं, त्यांनी कानाखाली मारली असती तर बरं झालं असतं. नागेंद्र भिंतीला टेकून खाली बसला होता आणि दोन्ही हातांनी डोकं धरून होता. ज्या भीतीनं त्यांनी आठवडाभर झोप घेतली नव्हती, ती त्यांची त्यांनीच घरात आणून बसवलेली होती. मॅडमना विचारायला कुणी गेलंच नव्हतं.

मॅडमनी कागद रिकाम्या खाटेवर ठेवला आणि पदर खोचला. "उठा. आता तरी घेऊ."

घोंगडं आणलं गेलं. डोक्याशी अक्काताई, पायाशी पारमिता मॅडम, कमरेला नागेंद्र, असं तिघांनी मिळून गंगव्वाला भुईवर ठेवलं. दिवा लावला. गुंडूमामा काठी टेकत दाराशी आला. चौकट धरून तो तिथंच उभा राहिला.

लगमव्वा पोहोचली तेव्हा घामाघूम झालेली होती. उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडवलेला, म्हणून गाडी सोडून ती शेवटची वाट चालत आली होती. दारातच तिला कळलं. पण ती रडली नाही. आधी तिनं आई कुठं आहे ते बघितलं, मग खाट बघितली. खाटेवरच्या उशीवर पाण्याचा ओला डाग होता.

"आधी घेतलंस न्हवं, आक्का?" तिनं विचारलं. "जीव होता तवाच घेतलंस न्हवं?"

अक्काताई दिव्याची वात सारखी करत राहिली. नागेंद्र भुईकडं बघत होता. गुंडूमामानं तोंड फिरवलं. लगमव्वाची नजर एकेकावरून फिरत गेली आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. शेवटी ती नजर परक्या बाईवर, तिच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर येऊन थांबली.

"बाई, ही समदी माझ्या वळखीची हाईत, मला बरं वाटावं म्हणून कायबी सांगतील. तुम्ही सरकारी मानूस. तुमास्नी खोटं बोलायचं काय कारण न्हाय. तुम्ही होतासा न्हवं हितं? तुम्ही सांगा."

आयुष्यभर जे डोळ्यांनी दिसलं तेवढंच लिहिणाऱ्या त्या बाईनं लगमव्वाच्या डोळ्यात डोळे घालून बघितलं.

"व्हय, मी हितंच होते," त्या म्हणाल्या. "मी आले तवा तुमची आई भुईवर होती. अक्काताईंनीच वेळेवर घेतलं होतं. जीव भुईवरच सोडला."

लगमव्वाच्या तोंडून हुंदका फुटला. ती पुढं आली आणि कुणी धरायच्या आत अक्काताईच्या पायांवर कोसळली. दोन्ही हातांनी तिनं ती पावलं घट्ट धरली आणि त्यांच्यावर कपाळ टेकलं. अक्काताईला वाटलं, ओरडून सांगावं. न्हाय गं बाई, तुझी आई हात खाली करत होती आणि मी तिला पाणी पाजलं, माझे हात तिच्या अंगाखाली होते आणि मी तिला उचललं न्हाय. पण पायांवरचं ते डोकं इतकं हलकं होऊन रडत होतं, की ते सांगणं म्हणजे त्या आईला दुसऱ्यांदा खाटेवर ठेवणं झालं असतं. पारमिता मॅडमनी कागद उचलला आणि त्या बाहेर निघून गेल्या. अक्काताईनं पाय मागं घेतले नाहीत. लगमव्वा म्हणत होती, "तुझे उपकार कसे फेडू गं आक्का, माझ्या आईला तू मोकळी केलीस," आणि अक्काताईला ते शेवटपर्यंत उभ्यानं ऐकून घ्यावं लागलं.